रेड्याची खांदशेक

मेडशीला आमच्या घरामागे जी उंच जागा आहे तिला डोंगर म्हणावं की टेकाड, यावर माझं आणि बाबांचं कधी जमलं नाही. मी चार गावं फिरून आलेली, म्हणून टेकाड म्हणायची. बाबांनी तरुणपणी सगळ्या गावाची ढोरं तिच्या माथ्यावर चारली, म्हणून त्यांचा तो डोंगर. माथ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेला सगळे ढोरवाट म्हणतात. ती मी एकदा चार चाकांवर चढायला गेले आणि अर्ध्यातून मागे घसरत आले. त्या दिवसापासून मीही डोंगर म्हणते.

चार चाकं म्हणजे एटीव्ही. हे प्रकरण काय असतं ते मला गावात इतक्यांदा सांगावं लागलंय की आता तोंडपाठ झालंय. हँडल मोटारसायकलसारखं, बसायचं मोटारसायकलसारखंच टांग टाकून, पण खाली चार फुगीर चाकं. डांबरी रस्त्यावर न्यायची नाही. पांदणीतून, माळावरून, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेनं फिरवायची. वाशिमजवळ एक हुरडा पार्टीचं ठिकाण बंद पडलं, तिथं पोरांना गोल चक्कर मारायला ठेवलेली एक छोटी एटीव्ही मी घेतली. आठवडाभर वाशिमला बँकेच्या काउंटरवर बसायचं आणि शनिवारी मेडशीला येऊन तिच्यावर बसायचं, असं माझं सुरू झालं. लग्न मी केलं नाही. त्याचं गावाला जेवढं वाईट वाटतं तेवढं मला वाटत नाही. पण पंचेचाळिशीची बाई हेल्मेट घालून पांदणीतून फटफट करत जाते, म्हटल्यावर गावाला नवा विषय मिळाला आणि लग्नाचा विषय मागे पडला. एवढ्यासाठीसुद्धा ती एटीव्ही वसूल झाली, असं मी मायला म्हणायची. माय म्हणायची, "तुले चार चाकं कमी पडून राह्यले का काय, माहीत नाई."

मला त्यात काय मिळत होतं ते नीट सांगता येणार नाही. पावसाळ्यानंतर कुसळी गवत कमरेएवढं होतं, वाट दिसत नाही, फक्त गवतात एक फिकट रेघ दिसते. तिच्यावरून सावकाश जाताना मधेच एखादा तितर फडफडत उडतो. बँकेत दिवसभर माणसं माझ्याशी बोलतात. इथं कोणी बोलत नाही. मला तेवढं पुरत होतं.

मग बाबांचा खुबा मोडला.

गोठ्यात शेणावर पाय घसरला, एवढंच निमित्त. ऑपरेशन झालं, वॉकर आला, बैलजोडी विकावी लागली कारण त्यांचं करणार कोण. बाबा त्या सगळ्यातून शांतपणे गेले. फक्त बैल गेले त्या दिवशी जेवले नाहीत. पुढं महिनाभर अंगणात खुर्ची टाकून बसायचे, तोंड डोंगराकडे. एक दिवस मला म्हणाले, "बाई, वरची डोणी असंल का आता?"

डोणी म्हणजे ढोरांना पाणी प्यायची दगडी कुंडी. ही बाबांनी स्वतः खोदलेली होती. माथ्यावर एका कातळाखालून पाणी झिरपतं. ढोरं चरायला वर नेली की दुपारी पाण्यासाठी पुन्हा खाली आणावी लागत, आणि ढोरवाटेवर उतरताना एखादं तरी लंगडं व्हायचं. म्हणून ढोरं सावलीत बसली की बाबा छन्नी-हातोडा घेऊन त्या कातळाला लागायचे. कितीतरी उन्हाळे ते चाललं. शेवटी काळ्या पाषाणात बैलाची मान आरामात जाईल एवढी डोणी झाली आणि झिरप्याचं पाणी आपोआप तिच्यात उतरू लागलं. लहानपणी मी ही हकीकत इतक्यांदा ऐकली होती की ऐकणं सोडून दिलं होतं.

आता प्रश्न असा झाला होता की रस्त्याच्या कामासाठी डोंगराची पलीकडची बाजू खोदून मुरूम नेला होता. खाण माथ्यापर्यंत आली, असं लोक सांगायचे. कोणी अंगणात आलं की बाबा विचारायचे आणि तो म्हणायचा, "गेली असंल बुवा तुमची डोणी." बाबा मान हलवायचे आणि परत डोंगराकडे बघायचे.

मी दोनदा पायी वर जाऊन शोधली. माथा म्हणजे नुसतं माळरान, घाणेरीची झुडपं आणि गवत, सगळीकडे सारखंच. बाबांनी सांगितलेल्या खुणांपैकी मोठं सालईचं झाड मला दिसलंच नाही. मोबाइलवर फोटो काढून आणले. बाबांनी प्रत्येक फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "हे ते नाई. मले तथी उभं केल्याशिवाय मले सांगता यायचं नाई."

उभं कसं करायचं? बैलगाडी ढोरवाटेवर चढत नाही. गावातली पोरं म्हणाली, बाजेवर बसवून आम्ही खांद्यावर नेतो. बाबांनी हात जोडले. "नका बाप्पा. चार जनाच्या खांद्यावर जाचं मले, पन त्याले अजून टाइम हाये."

म्हणून मी ती छोटी एटीव्ही घेऊन ढोरवाटेला गेले, एकटीच, आधी पाहावं म्हणून. ती बिचारी पोरांना गोल चक्कर मारायला जन्मलेली. पहिल्या वळणापर्यंत आली, दुसऱ्या वळणावर तिचा आवाज बारीक झाला, मागची चाकं मुरमात नुसती फिरू लागली, आणि मग आम्ही दोघी मागच्या मागे घसरत एका बोरीच्या झुडपात जाऊन बसलो. काटे काढायला मायला रविवारची अख्खी दुपार लागली. काटा काढता काढता ती म्हणाली, "तुह्या बापाले सांगून टाक, डोणी हाये म्हनून. संपलं." मी म्हटलं, "अन् नसली तं?" मायनं पुढचा काटा जरा जोरात उपसला.

तेव्हापासून मी ताकदीची एटीव्ही शोधायच्या मागे लागले. बँकेत दुपारच्या सुटीत डबा खाताना मोबाइलवर माझं तेच चालायचं. सुरुवातीला मला वाटलं, मोठं इंजिन घेतलं की झालं. वाचत गेले तसं कळलं की माझी गरज वेगळी आहे. मला पळणारं यंत्र नको होतं. ओझं घेऊन उभ्या वाटेवर अगदी सावकाश, न अडखळता चढेल असं हवं होतं. चारही चाकं एकदम ओढतील असं, अगदी हळू चालायचा वेगळा गिअर असलेलं, आणि मागच्या माणसाला पाठ टेकायला नीट जागा असलेलं. वेगाची जाहिरात सगळे करतात. हळू चालण्याची कोणी करत नाही, म्हणून ती माहिती शोधून काढावी लागते.

अकोल्याला एक माणूस जुन्या एटीव्ही घेऊन विकायचा. मी जीप ठरवली आणि बाबांना बरोबर नेलं. खरं तर त्यांना नुसतं फिरवून आणावं म्हणून नेलं होतं, पण ते सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, नवा दुपट्टा खांद्यावर टाकून बसले होते. बैलबाजाराला जाताना त्यांचा हाच पोशाख असायचा. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तिथं माझ्या हिशेबात बसणाऱ्या दोन होत्या. एक लालभडक, नवी दिसणारी, चालू केली की छातीत धडधडणारी. दुसरी शेवाळी रंगाची, बोजड, एका बाजूला खरचटलेली. बाबांनी वॉकर टेकत दोघींना फेरी घातली. मागून बघितलं, पुढून बघितलं, सीटवर थाप मारली. मग त्या माणसाला गंभीरपणे विचारलं, "दात किती?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"काका, टायर दोन्हीले चांगले हायेत," तो माणूस म्हणाला. भला होता.

बाबांना लाल आवडली. "हा डुरकते," ते म्हणाले. "डुरकनारा बैल कामाचा असते." मी सांगितलं की तिची फक्त मागची चाकं ओढतात, शेवाळीची चारही ओढतात. बाबांनी ते ऐकलं, "चारही?" असं एकदा विचारलं, आणि तरीही लालीच्याच बाजूला उभे राहिले.

त्या माणसाच्या जागेच्या मागे बांधकामाच्या मातीचा घराएवढा ढीग होता. मी शेवाळीवर बसले, हळू गिअर टाकला आणि तिला त्या ढिगाकडे तोंड करून नुसतं सोडलं. ती धावली नाही, गरजली नाही. पुढची चाकं मातीवर ठेवली, जरा थांबल्यासारखी झाली आणि चढू लागली. माती चाकांखालून सुटत होती, तरी ती थांबली नाही. पायांखाली एवढी ताकद आणि तिला कसलीच घाई नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होते. वर पोचल्यावर मला हसूच फुटलं. काउंटरवर बसून बसून माणसाला वाटायला लागतं की ताकद म्हणजे आवाज चढवणं. खाली बाबा इवलेसे दिसत होते आणि तोंड वासून बघत होते.

तरी परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी तोंड फुगवलंच. मग मायला फोन लावून म्हणाले, "तुही पोरगी बैलबाजारात गेली अन् रेडा घेऊन आली." तेव्हापासून तिचं नाव रेडा पडलं. ती होती तो झाला.

पिकअपमधून रेडा घरी आला तेव्हा त्याला रिकाम्या गोठ्यातच बांधला. बांधला असंच सगळे म्हणत होते, मीसुद्धा. आमच्याकडे नव्या गाडीला हार-नारळ नसतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा गेला. पोळा मात्र राहिला. त्यावरून कोणी बाबांना छेडलं की ते विचारतात, "बैल कोन्या धर्माचा असते, सांग बरं?" पोळा चालू राहतो.

त्या शनिवारी मी रेड्याला पांदणीतून एक लांब फेरी मारून आणलं. चिखल खूप होता, उतार-चढाव बघायचे म्हणून सारखी थांबत, ब्रेक दाबत गेले. परत आले तर बाबा गोठ्यात येऊन टिनाच्या खुर्चीवर बसले होते. मी हेल्मेट काढेपर्यंत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेका चाकाच्या आत हात नेऊन बघायला लागले. चिखल किती लागलाय ते बघत असतील, असं मला वाटलं. "कसा हाये?" मी विचारलं. "कष्टाळू हाये," ते म्हणाले, जरासे नाखुशीनं.

पुढच्या आठवड्यात पोळा होता. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेक असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा कढतो, सुजतो. त्या संध्याकाळी तो गरम पाण्यानं शेकायचा, पळसाच्या पानानं त्याला तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी त्या संध्याकाळी वाशिमला होते. मायचा फोन आला. ती हसून हसून बेजार झाली होती. "तुह्या बापानं रेड्याची खांदशेक केली. गोठ्यात जनावर हाये अन् खांदशेक नाई, असं कसं म्हने! घरातलं वाटीभर तूप संपवलं." मीही पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मेडशीला गेले तेव्हा रेड्याच्या हँडलवर पिवळ्या बोटांचे ठसे होते. मला ते इतकं गोड वाटलं की मी पुसले नाहीत.

मला पोळ्याच्या दिवशीच वर जायचं होतं, सुटी होती म्हणून. बाबांनी साफ नकार दिला. "पोळ्याच्या दिवशी जनावराले काम सांगते का कोनी?" म्हणून रविवारी निघालो.

बाबांना मागच्या सीटवर बसवायला शेजारचे दोघं आले. पाठीला उशी लावली, कमरेला पट्टा बांधला, फेट्यासारखा गुंडाळलेला दुपट्टा काढून हेल्मेट चढवलं. त्यातून त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मायनं भाकरी आणि पुरणाच्या उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधून दिल्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "नसली तं लवकर आन त्याईले. तथी बसू देऊ नको."

ढोरवाटेच्या पायथ्यापर्यंत सपाट रान होतं. दोन्हीकडे सोयाबीन शेंगांनी लगडलेलं, मधे तुरीची तासं. वाटेत एक-दोनदा मला तुपाचा वास आला. पोळ्यांचाच असणार, असं वाटलं.

आणि मग ढोरवाट सुरू झाली. मी वेग सोडून दिला, रेडा आपोआप थांबला, मग हळू गिअर टाकला, चारही चाकं जोडली आणि अंगठ्यानं ताकद दिली. छोटीनं जिथं जीव सोडला होता त्या वळणावर रेडा किंचित घुमला, पुढचं एक चाक दगडावर चढलं, मग दुसरं, आणि आम्ही सरळ वर जाऊ लागलो. मला पाठीवर बाबांचं ओझं जाणवत होतं, त्यांच्या हेल्मेटची टकटक माझ्या हेल्मेटला लागत होती. ओल्या मुरमाच्या त्या उभ्या वाटेवर मी माझ्या म्हाताऱ्या बापाला घेऊन आभाळाकडे तोंड करून चढत होते आणि खालचं यंत्र एका लयीत, जराही न कुरकुरता आम्हाला उचलत होतं. मला भरून आलं. यंत्रापुढे हात जोडावेसे वाटतात, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मागून आवाज आला, "आता दम खाऊ दे त्याले." मी थांबवलं नाही, थांबवायची हिंमतच नव्हती.

माथ्यावर आलो आणि गवतात तो आपोआप मंदावून उभा राहिला. वारा सुटला होता. बाबांनी हेल्मेट काढायला लावलं. वर्षानुवर्षं ज्यांनी हे रान रोज पाहिलं, त्यांचे डोळे आता त्याच्यावरून हात फिरवल्यासारखे फिरत होते. मग त्यांनी बोट वर केलं. "त्या खडकाकडून. आता डाव्या हातानं. सालई पडली वाट्टे. हो, तो काय बुंधा!" मी ज्या गवतातून दोनदा गेले होते, त्याच गवतात एक काळा कुजका बुंधा आडवा पडला होता. मी उभं झाड शोधत होते.

बुंध्याच्या पुढे आलो आणि मी गच्चकन थांबवलं. इंजिन बंद करून थांबवलं, कारण पुढे डोंगरच नव्हता. खाण. माथा सरळ कापून नेला होता, खाली खोल लाल खड्डा आणि त्याच्या तळाशी हिरवं पाणी. मी मागे वळून बाबांकडे बघायचं टाळलं. मायचे शब्द आठवले. आता त्यांना लवकर खाली न्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

"उजवीकडं पाह्य," बाबा हळूच म्हणाले.

खाणीच्या काठापासून एक बैलगाडी जेमतेम वळेल एवढ्या अंतरावर काळा कातळ होता. त्याच्या पोटाशी डोणी होती. काठोकाठ भरलेली. आभाळाचा एक तुकडा तिच्यात स्थिर पडला होता. मी जवळ गेले. आत छन्नीचे घाव दिसत होते, एकाशेजारी एक, तिरपे. काठ मात्र गुळगुळीत झाला होता, किती माना त्याच्यावर घासल्या असतील. मी वाकून त्याच्यावरून हात फिरवला. ही हकीकत ऐकणं मी सोडून दिलं होतं आणि ती इथं दगडात बसून माझी वाट बघत होती. डोणीभोवतीचा चिखल खुरांनी तुडवलेला होता.

"खूर कोनाचे हायेत?" बाबांनी सीटवरून विचारलं. "ढोरं तं आता कोनी आनत नाई इकडं."

मी काही उत्तर द्यायच्या आत त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिले. मग घाणेरीच्या मागून एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, बाहेर आला. रोही मी शेतात पळताना पुष्कळ पाहिलेत, लोक त्यांच्यामागे आरडाओरडा करत धावतात. हा पळत नव्हता. घोड्याएवढा, निळसर काळा, छातीवर केसांचा झुपका. त्यानं आमच्याकडे बघितलं, नाकपुड्या फुगवल्या, आम्हाला जमेत धरलं नाही, आणि येऊन डोणीत मान घातली. पाणी पितानाचा त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. काठ त्याच्या मानेला बरोबर बसत होता.

"पेते, बाई," बाबा म्हणाले. "पेते." त्यांनी माझं मनगट पकडलं होतं आणि ते रडत होते. मीही रडत होते.

उतरायला लागलो तेव्हा ऊन कललं होतं. ढोरवाटेच्या तोंडाशी मी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. पायाचाही दाबला. रेडा पुढेच निघाला होता. त्याच क्षणी नाकात तुपाचा वास भरला. तळण चालू असताना स्वयंपाकघरात येतो तसा गरम, हळदीचा वास, आणि तो माझ्या चाकांतून येत होता.

पण हळू गिअर चढतानाचाच होता, तो मी काढला नव्हता. मी अंगठा उचलला आणि ताकद बंद केली. इंजिननं खालच्या आवाजात कण्हल्यासारखं केलं आणि आमचं सगळं ओझं स्वतःवर घेतलं. भरल्या गाडीला उतारावर बैल जसे मागे रेटून धरतात, तसा तो आम्हाला धरत एकेक वीत खाली उतरवू लागला. एका वळणावर मागची चाकं सरकली. मी अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून हँडल डोंगराच्या बाजूला दाबून धरलं. खांदा कळवळला, पण आम्ही घासत का होईना वाटेवर राहिलो. बाबांना काही पत्ता नव्हता. ते मागे ढोरं उतरवतानाची जुनी आरोळी देत होते, "हो हो, हळू रे, हळू रे राजा!" आणि मला खरंच असं वाटत होतं की तो ऐकतोय.

सपाटीला आल्यावर मी इंजिन बंद केलं. मी खाली उतरून चाकाच्या आत बघितलं. ज्या लोखंडी तबकडीला ब्रेक धरतो, ती पिवळी, तुळतुळीत चमकत होती. चारही.

"बाबा," मी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, "रेड्याचा खांदा कुठी मळला तुमी?"

"तथीच की." त्यांनी बोट दाखवलं. "चारही. तूच सांगितलं होतं, याचे चारही ओढतात म्हनून."

माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. रागानं डोकं भणभणत होतं. आपण दोघंही आज त्या खाणीत असतो, हे शब्द दातांपर्यंत आले होते. मी एवढंच म्हटलं, "पन तथीच काहून? हँडल होतं, सीट होती."

बाबांना माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. "तू त्या दिवशी फिरवून आनलं नाई का? म्या हात लावून पाह्यलं. दुसरीकडं कुठीच नाई, तेवढीच जागा लय तापली होती." त्यांनी सीटवर हलकेच थाप मारली. "जथी तापते तथीच दुखते ना बाई. मुकं जनावर. सांगन कसं?"

मी चाकाजवळ उकिडवी बसून राहिले. राग कुठं गेला ते कळलं नाही. मी महिनोन् महिने या यंत्राची ताकद मोजली होती, कितीतरी यंत्रांशी ताडून बघितली होती. त्याला दुखत असेल का, हे विचारायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं. आणि ज्याला चालता येत नाही असा माणूस खुर्ची ओढत ओढत चारही चाकांत हात घालून तेच शोधत बसला होता. बापाची थोरवी अशी अचानक पुढ्यात येते तेव्हा काय करायचं असतं, हे मला अजूनही माहीत नाही. मी नुसती नाक पुसत बसले.

हळू गिअरमध्येच घरी आलो. माय दारात उभी होती. बाबांनी लांबूनच हात वर करून ओरडून सांगितलं, "हाये! हाये! रोही पेते!" मायनं पदर तोंडाला लावला. बाबा खाली उतरल्या उतरल्या तिला म्हणाले, "पाह्य, खांदशेक केली म्हनून त्यानं दगा नाई देला. कसं सांभाळून आनलं उतारावर!" मी रेड्याला गोठ्यात नेऊन बांधलं. ब्रेक बदलायचे ते पुढच्या आठवड्यात गुपचूप बदलू, असं ठरवून टाकलं.

हातपाय धुऊन मी अंगणात बाजेवर बसले. उजवा खांदा वर उचलवत नव्हता. चहाचा कप डाव्या हातात घेतला, तेवढंच. बाबा खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. मग मायला म्हणाले, "तूप उरलं का वाटीत?"

"आता कोनाची खांदशेक?" माय म्हणाली, पण वाटी घेऊन आली. बाबांनी खुर्ची माझ्या मागे ओढून घेतली. माझ्या पाठीवर, मानेशी, खांद्यावर त्यांचा खरखरीत तळहात हळूहळू फिरला, थांबत थांबत, आणि एका जागी येऊन टेकला. दुखत होतं ती बरोबर तीच जागा होती. मी काही सांगितलं नव्हतं.

"तापला हाये," ते मायला म्हणाले, आणि हळद कालवलेल्या तुपात बोटं बुडवली.